रोटाचा डबा

दिपमालाची अट फोनवर ऐकली आणि झुलाल आबांनी बशीत ओतलेला चहा तसाच निवून गेला. अट मुलीच्या बापाने, धुळ्याच्या शालिग्रामभाऊंनी, चार वेळा माफी मागत सांगितली होती. मुलगी शाळेत शिक्षिका. पोह्यांची बशी पुढे करून खाली मान घालून बसायला ती तयार नव्हती. माणूस दिवाणखान्यात कळत नाही, डोंगरात दोन दिवस बरोबर राहिला की कळतो, असं तिचं म्हणणं. तेव्हा दोन्ही घरांनी मिळून शुक्रवार-शनिवार सातपुड्यात जायचं, तंबूत राहायचं, डोंगर चढायचा, आणि हो की नाही ते ती शनिवारी दुपारी सांगणार.

आबांचं वय अडुसष्ट. गाव भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. डोंगर त्यांनी काही कमी पाहिले नव्हते, पण ते हरवलेलं जनावर शोधायला. जनावर गोठ्यात बांधलेलं असताना माणूस डोंगर कशाला चढेल, हे त्यांना उमजेना. आणि घरात पलंग असताना जमिनीवर झोपायला तापी ओलांडून जायचं, हे तर त्याहून उमजेना. पण विचारायची सोय नव्हती. ललित एकुलता एक. जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, वय तेहतीस. आतापर्यंत अकरा मुली बघून झाल्या होत्या. खरं सांगायचं तर अकरा मुलींनी ललितला बघितलं होतं. ही बारावी. एरवी जेवता जेवता मोबाइल बघणारा ललित हिचा फोटो आल्यापासून मोबाइल बघता बघता जेवायचं विसरत होता. पोरगं अडकलंय, एवढं बापाला कळत होतं.

"आबा, हो म्हना," ललित दारातूनच म्हणाला. "ती हिमालयमा चाला म्हनी तरी हो म्हना."

आबा हो म्हणाले. फोन ठेवून मागे पाहतात तर कमलबाई चुलीपाशी उभी. तोंडावर रंग नाही.

"शनवारले पुनीव शे," ती म्हणाली. "आनि रोटनं पीठ बाकी शे."

आबा मटकन खाली बसले. एवढा मोठा घोटाळा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता.

श्रावणात घरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांमागे गहू मोजून घेतात. प्रत्येक घराची रीत निराळी. झुलाल आबांकडे माणशी पाच मुठी. ते दळायचं, आणि त्या पिठाचं जे काही होईल ते फक्त भाऊबंदांनी खायचं, म्हणजे एका कुळातल्या माणसांनी. घरात आलेली सून खाते, कारण ती कुळात आली. लग्न होऊन गेलेली लेक खात नाही, कारण ती कुळातून गेली. शेजारी नाही, पाहुणा नाही, सोयरा तर नाहीच नाही. आणि पौर्णिमा उलटायच्या आत पीठ संपलंच पाहिजे. एका साली पसाभर उरलं, तर त्या साली विहिरीवरची मोटर तीनदा जळाली, हे कमलबाई आजही तारखांसकट सांगते.

यंदाचा घोळ जीवरामने घातला. जीवराम हा आबांचा चुलतभाऊ, सुरतेला असतो. तो, त्याचे तीन मुलगे, पाच नातू, असे नऊ पुरुष येणार म्हणून कमलबाईने त्यांच्या पंचेचाळीस मुठी घातल्या. दळणही आलं. मग फोन आला की घरात सगळ्यांना ताप आहे, कोणी येत नाही. देवीच्या नावाने घातलेली मूठ परत काढता येत नाही. सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली, आणि त्या दिवसापासून घरातली तीन माणसं सकाळी रोटाचं खात होती, दुपारी रोटाचं खात होती, संध्याकाळी एकमेकांकडे बघत होती आणि पुन्हा रोटाचंच खात होती. गुरुवारी डब्यात हात घातला तर अजून दोन किलो.

"डबा संगे लेवाना," कमलबाईने ठरवून टाकलं. "तठे तीन दगड मांडसू, आपलापुरत्या पोया टाकसू."

"आनि त्यास्नी इचारं तर?"

"सांगसू, तुमनं पथ्यनं पीठ शे."

आबांना हे बरोबर वाटलं नाही. पण होणाऱ्या सोयऱ्यांच्या तोंडावर 'आमचं पीठ तुम्हाला चालत नाही' असं कसं म्हणणार, हेही त्यांना सुचेना. खोटं एवढंसं होतं. गाडीत मावेल एवढं.

गाडी अमीनची. अमीन आबांचा शेजारी, दोन्ही घरांची भिंत एक. साठी ओलांडली तरी गाडी स्वतःच चालवतो. शुक्रवारी सकाळी निघाले, जळगावला धुळ्याची मंडळी गाडीत बसली. शालिग्रामभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांची बायको कुंदाबाई, जिच्या नजरेतून काही सुटत नाही. आणि दिपमाला, पायात दणकट बूट, पाठीवर पिशवी. तिने आबांना वाकून नमस्कार केला तेव्हा आबांच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला होता, त्यामुळे आशीर्वाद द्यायला हात मोकळा नव्हता. त्यांनी डब्यावरूनच मान हलवली.

तापीचा पूल आला तरी डबा मांडीवर. केळीच्या बागा सुरू झाल्या तरी डबा मांडीवर. शेवटी कुंदाबाईने विचारलंच. कमलबाईने ठरलेलं उत्तर दिलं, तेही शहरी मराठीत. "यांचं पथ्याचं पीठ आहे."

"शुगर का?" कुंदाबाई म्हणाली.

कमलबाईने याचा विचार केला नव्हता. ती हो म्हणून बसली.

मग गाडीतलं वारंच फिरलं. शुगर केव्हापासून, किती असते, गोळी चालू आहे की सुई, आणि मुख्य म्हणजे घराण्यात आणखी कोणाला आहे. कुंदाबाई हे सगळं मायेने विचारत होती, पण नजर मधून मधून पुढच्या सिटावर बसलेल्या ललितच्या मानेवर जात होती, जणू ती मानेवरूनच साखर मोजणार होती. ललितची मान लाल झाली. शालिग्रामभाऊंनी गोष्ट सावरावी म्हणून विचारलं, आबांचे वडील कशाने गेले. आबांना आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची संधी मिळाल्यासारखं झालं.

"चिंचवरून पडना," ते म्हणाले. "सत्याऐंशीना व्हता."

सत्याऐंशीव्या वर्षी माणूस चिंचेवर कशाला चढला होता, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. अमीनने आरसा नीट करायचं निमित्त करून आबांकडे पाहिलं आणि गालात हसला. पुढे चहाला थांबले तेव्हा कुंदाबाईने स्वतः सांगून आबांचा चहा बिनसाखरेचा करवला. घरून आणलेले डिंकाचे लाडू निघाले, डबा आबांच्या नाकासमोरून गेला आणि ललितपाशी थांबला. आबांना डिंकाचा लाडू फार आवडतो. ते डोंगराकडे बघत राहिले.

मुक्कामाची जागा पाल गावाच्याही पुढे, आत जंगलात. सागाच्या झाडांत चार तंबू, एक स्वयंपाकाची झोपडी, ढग खाली उतरलेले, फोनला रेंज नाही. सगळं बघणारा एकच माणूस, तोताराम. स्वयंपाक तोच करायचा, वाटही तोच दाखवायचा. तंबूंच्या तोंडाशी एक पाटी होती. आबांनी ती वाचली. 'तंबूत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. अस्वल येते.'

आबांनी पाटी पुन्हा वाचली. दोन्ही वेळा अस्वल येतच होतं. त्यांनी कमलबाईला बाजूला घेऊन सांगितलं. तिने डबा पलंगडीखाली सारला, वर घोंगडी टाकली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"पीठ काय खावाना पदार्थ शे का? अस्वल काय पोया लाटस का?"

आबांना ते पटलं. पिठाला पाणी लागतं, मळावं लागतं, लाटावं लागतं, भाजावं लागतं. तेव्हा कुठे ते खाणं होतं. अस्वलाला एवढा खटाटोप कोण सांगतो.

जेवून दुपारी सगळे डोंगर चढायला निघाले. कुंदाबाई गुडघ्यांमुळे मागे राहिली, पण झोपडीबाहेर खुर्ची टाकून डोळे तिने कामावरच ठेवले. तोताराम अर्ध्या वाटेपर्यंत सोबत आला, पुढची पायवाट सरळ आहे म्हणून दाखवली आणि स्वयंपाकाला परतला. झिमझिम चालू होती. दिपमाला काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागे आबा. हरवलेली जनावरं शोधून त्यांचे पाय तयार होते, ते बोलत बोलत चढले. तिने विचारलं ती झाडं त्यांनी ओळखली, नाही ओळखली ती नाही म्हणून सांगितली. मुलगी खळखळून हसत होती. एका निसरड्या जागी आबांचा पाय सुटला तर तिने बखोटीला धरून त्यांना असं उभं केलं की ललितची आईसुद्धा बघत राहिली. आबांना मनातून वाटलं, ही घरात आली पाहिजे. आतापर्यंत ते ललितची गरज म्हणून आले होते. आता त्यांची स्वतःची गरज झाली.

ललित मात्र नव्या बुटांत मागे राहिला होता. बायोडाटात त्याने आवड म्हणून 'गिर्यारोहण' लिहिलं होतं. माथ्यावर पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. दिपमाला त्याच्यापाशी जाऊन बसली. दम परत आल्यावर तो तिला काय म्हणाला ते आबांनी ऐकलं, कारण वारा त्यांच्याकडे होता. तो म्हणाला की त्याला डोंगरबिंगर चढता येत नाही, ते बायोडाटात कारखान्यातल्या मित्राने लिहिलं, तो फक्त तिच्यासाठी आलाय. आबांनी डोळे मिटून घेतले. बारावीपण गेली असं त्यांना वाटलं. डोळे उघडले तर दिपमाला त्याच्या बुटाची नाडी सैल करून देत होती आणि सांगत होती की नवे बूट घालून कोणी डोंगर चढत नाही.

उतरायला दिवेलागण झाली. आबा पायांवर पाणी घेत होते, तेवढ्यात कमलबाई तंबूतून बाहेर आली. तिचं तोंड फोन आला त्या दिवसापेक्षा पांढरं.

"डबा नही शे."

घोंगडी होती, पलंगडी होती, डबा नव्हता. तंबूच्या मागच्या बाजूचं कापड सुटून लोंबत होतं. कमलबाई तशीच झोपडीत गेली. तोतारामने शेवटची पोळी तव्यावरून उतरवली होती. परात रिकामी. आणि कोपऱ्यात एक मोठा स्टीलचा डबा घासून पालथा घातलेला. तंबूतलं सामान तू इकडे आणलंस का, तिने विचारलं. हो मावशी, खायचं जे दिसलं ते सगळं आणलं, पाटीवर लिहिलंय ना, तो म्हणाला. कमलबाई पुढे काही न विचारता तशीच मागे फिरली.

बाहेर धुळ्याची मंडळी जेवायला बसलीसुद्धा होती.

"त्यास्नी आपला रोट खाई लिधा," कमलबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "आते त्या आपला भाऊबंद व्हयनात. ती पोर ललितनी बहीन व्हयनी."

रोट खातो तो भाऊबंद. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. आणि उद्या पौर्णिमा, म्हणजे राखी. हे तिसरं ध्यानात आलं तेव्हा आबांनी झोपडीचा खांब धरला.

समोर शालिग्रामभाऊ पिठल्यात पोळी बुडवून खात होते. पहिली पोळी संपली तोवर आबांच्या मते ते दूरच्या नात्यातले होते, चार पिढ्यांपलीकडचे. तिसऱ्या पोळीला चुलत झाले. पाचवी वाढून घेताना त्यांनी आबांकडे पाहून मान डोलावली, पोळ्या फार मऊ आहेत म्हणाले, आणि आबांना ते अगदी सख्ख्या भावासारखे दिसायला लागले.

"तुम्ही बसा," कमलबाईने नवऱ्याला ढकललं. "उरेल शे ते बठ्ठं तुम्ही खाई टाका."

आबा बसले. जेवढ्या आपल्या पोटात जातील तेवढ्या त्यांच्या पोटात जाणार नाहीत, या हिशेबाने ते खात सुटले. दिपमाला चौथी पोळी घ्यायला हात पुढे करणार तोच आबांनी ती उचलली. कुंदाबाईने पोळ्या मोजल्या. नऊ.

"शुगर आहे म्हणता," ती हळूच शालिग्रामभाऊंना म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "यांच्या घरी पथ्य म्हणजे काय असतं कोण जाणे."

जेवणं झाल्यावर आबांनी अमीनला गाडीमागे गाठलं आणि सगळं सांगितलं. अमीनने शांतपणे ऐकून घेतलं. चाळीस वर्षं शेजारी राहून त्याला रोटाचे सगळे नियम पाठ होते.

"बोलून टाका, झुलालभाऊ," तो म्हणाला. "पोटात गेलेलं काही परत येत नाही. खोटं मात्र अजून तोंडात आहे, ते थुंकता येतं."

उद्या सांगतो, असं आबा म्हणाले. रात्री डोळा लागला नाही. पोटात नऊ पोळ्या होत्या आणि छातीवर बारावी मुलगी.

सकाळी धुकं उठत होतं. आबा तंबूबाहेर आले आणि जागीच थांबले. ललित एका सागाच्या झाडाखाली तोंडात ब्रश घालून उभा होता. आणि समोरून दिपमाला त्याच्याच दिशेने येत होती. तिच्या हातात राखी होती, चांगली लाल गोंड्याची.

अडुसष्टाव्या वर्षी माणूस पळत नाही. आबा पळाले. वाटेतल्या दोरीला अडखळले, एक बादली लवंडली, आणि दिपमालाच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांब पोरी. त्याले नको बांधू."

बादलीच्या आवाजाने सगळे बाहेर आले. दिपमाला एकदा आबांकडे, एकदा राखीकडे पाहत राहिली.

"झाडाला बांधतेय, आबा. शाळेत मुलांना दरवर्षी बांधायला लावते. यांना का बांधेन?"

आता माघार घ्यायला जागा नव्हती. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि तिथेच, बादलीच्या पाण्यात उभं राहून, सांगायला सुरुवात केली. जीवरामचा ताप, पंचेचाळीस मुठी, पौर्णिमा, डबा, मांडी, पलंगडी, तोताराम, पोळ्या. बोलताना त्यांनी मान वर केली नाही. संपल्यावर वर पाहिलं तर कुंदाबाई दगडावर बसली होती. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्याही घरी कानबाई बसते.

"आमच्या पोटात तुमचे रोट," ती म्हणाली. "माय वं."

शालिग्रामभाऊंना आधी दुसरंच आठवलं. "म्हणजे शुगर नाही?"

"नही."

"पथ्य?"

"तेबी नही."

"आणि वडिलांचं ते चिंचेचं?"

"ते खरं शे," आबा म्हणाले.

कुंदाबाईने हात वर करून नवऱ्याला थांबवलं. शुगर नाही हे ऐकून तिला बरं वाटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसलं. पण लगेच ते मावळलं. आता बरं वाटून उपयोग नव्हता. मुलगा तिला खरं म्हणजे कालच आवडला होता, बुटाच्या नाडीची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. पण देवीच्या गोष्टीत आवडनिवड चालत नाही. तिने आपल्या सासूचं सांगितलं, सासूच्या सासूचं सांगितलं. रोट खाल्ला तो भाऊबंद. भाऊबंदांत मुलगी देत नाहीत. विषय संपला. आपण सामान बांधू, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

कमलबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. ललितच्या तोंडात पेस्टचा फेस तसाच होता, तो थुंकायचं त्याला सुचत नव्हतं. आबांना वाटलं, अकरा मुलींनी नाही म्हटलं तेव्हा पोरगं असं नव्हतं दिसलं. त्या अकरा जणींना निदान कारण ललित होता. हिच्या वेळी कारण बाप झाला. मांडीवर डबा घेऊन आलेला बाप.

तेवढ्यात दिपमाला कमलबाईपुढे जाऊन उभी राहिली. वर्गात एखाद्या मुलाला गणित अडलं की उभी राहत असेल तशी.

"मावशी, तुमचा जन्म या कुळातला आहे का?"

"नही बेटा. मना जल्म जामनेरकडला."

"मग तुम्ही रोट कसा खाता?"

"मी सून शे ना या घरनी."

"झालं तर," दिपमाला म्हणाली. "मीही सून म्हणूनच खाल्ला."

आपण काय बोलून गेलो हे दिपमालाला सगळ्यांच्या नंतर कळलं. तिने राखीचा गोंडा मुठीत घट्ट धरला. ललितने फेस गिळून टाकला.

सर्वांत आधी कुंदाबाई भानावर आली. "तू सून म्हणून खाल्लास. मी आणि तुझ्या बाबांनी कोण म्हणून खाल्ला? पाच पोळ्या खाल्ल्यात त्यांनी."

शालिग्रामभाऊ जमिनीकडे पाहू लागले. आबांना वाटलं, गाय दावणीपर्यंत आली आणि दोर तुटला.

तेव्हा मागून तोताराम आला. तो सकाळचं पाणी भरायला नाल्यावर गेला होता. त्याच्या एका हातात हंडा होता आणि दुसऱ्या हातात एक वस्तू, जी काल दुपारपर्यंत डबा होती.

"हा कोणाचा? नाल्यात पडला होता."

झाकण दुमडून गेलं होतं. कडेला दोन भोकं, बोट जाईल अशी. बाकी अंग चेपलेलं, पण त्यावर कोरलेलं नाव अजून वाचता येत होतं: झुलाल.

कमलबाईने पदर खाली घेतला. मग झोपडीतला तो डबा कोणाचा, असं तिने विचारलं, तर तोताराम म्हणाला की तो त्याचाच, पीठही त्याचंच. तंबूतून त्याने चिवडा आणि लाडू आणले होते. पलंगडीखाली काय होतं ते त्याने पाहिलंच नाही, झाकून ठेवलेल्या सामानाला तो हात लावत नाही.

सगळे तंबूच्या मागे गेले. सुटलेल्या कापडापासून पिठाची रेघ निघाली होती. रात्रीच्या पावसाने ती जागोजाग पुसली होती, पण दाट पानांच्या खाली तळवे स्पष्ट उमटले होते. माणसासारखे रुंद, आणि पुढे नखांच्या पाच ओळी. रेघ नाल्यापर्यंत गेली होती. तिथे पाण्याच्या कडेला एका सपाट दगडावर ओल्या कणकेचे थापे बसले होते, चांगले दाबून दाबून बसवल्यासारखे. आबांनी वाकून पाहिलं आणि मग हळूच बायकोकडे पाहिलं.

"मळी तर लिधं त्यानी," ते म्हणाले. "लाटाले तेवढं जमनं नही."

पहिल्यांदा शालिग्रामभाऊ हसले. मग अमीन. मग कुंदाबाईने दगडावर बसून घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या पोटात तोतारामचं साधं पीठ होतं. ती अजून मोकळी होती, सोयरी व्हायला. हसून झाल्यावर तिने मुलीकडे मोर्चा वळवला.

"रोट तर कोणी खाल्लाच नाही. मग आता तू काय म्हणून बोललीस ते?"

"बोलले ते बोलले, आई," दिपमाला म्हणाली. "आता दुपारपर्यंत थांबून तरी काय करू?" आणि तिने जाऊन ती राखी ललितच्या मागच्या सागाला बांधली. बांधताना ललितने दुसरं टोक धरलं.

डिंकाचे लाडू पुन्हा निघाले. या वेळी डबा आबांपाशी थांबला आणि रिकामा होऊनच पुढे गेला. अमीनने मात्र गाडीत सामान चढवता चढवता आबांना गाठलं.

"झुलालभाऊ, चाळीस वर्षं आपली भिंत एक. मला फक्त वास मिळाला. आणि हा पहिल्याच दिवशी डबा घेऊन गेला."

कमलबाई मनाशी हिशेब करत होती. पीठ पौर्णिमेच्या आत संपलं होतं, ही गोष्ट खरी. पण कोणी संपवलं, हेही खरंच होतं. गाडी वळणावर आली तेव्हा तिने मागे वळून, त्या ढगांत बुडालेल्या झाडीकडे पाहून, हात जोडले. देवीला जोडले की आणखी कोणाला, ते आबांनी विचारलं नाही.

लग्न वैशाखात झालं. विहिरीवरची मोटर वर्षभर एकदाही जळाली नाही.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या आधी कमलबाई गहू काढायला बसली. समोर दिपमाला वेताची पाटी धरून बसली होती. सासू एकेका पुरुषाचं नाव घ्यायची आणि पाटीत पाच मुठी टाकायची. झुलाल. ललित. मग जीवराम, त्याचे तीन मुलगे, पाच नातू. यंदा त्यांनी आदल्या दिवशीच गाडीत बसल्याचा फोटो पाठवला होता. नावं संपली. दिपमाला पाटी उचलायला लागली, तर सासूने हातानेच थांब म्हटलं आणि पोत्यात पुन्हा हात घातला. एक. दोन. तीन. चार. पाच.

ओट्यावर बसलेल्या आबांनी मनात मोजदाद केली. हिशेब जुळेना.

"आत्या, हे कोणाचं?" दिपमालाने विचारलं. "ह्यांना तर भाऊ नाही."

कमलबाईने हात झटकले.

"तुना जेठना," ती म्हणाली.

दिपमाला शाळेत ओढणी पाठीवर टाकून फिरते, गावात नात्यातल्या थोरल्या दिरांसमोरसुद्धा डोक्यावर पदर घेत नाही, आणि त्यावरून या घरात कधी कोणी काही बोललेलं नाही. आज तिने उत्तरेकडे, सातपुडा आहे त्या अंगाला पाहिलं, आणि हळूच पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.